कंपनीचं नाक आणि तमालपत्राचं झाड

मला वास येईनासा झालाय, ही बातमी मला माझ्या बायकोने दिली. स्वतःच्या नाकाची खबर माणसाला दुसऱ्याकडून मिळावी यापरता अपमान नाही. शेगडीवरचं दूध उतू जाऊन, आटून, करपून भांड्याच्या बुडाशी कोळसा होऊन बसलं होतं आणि मी हातभर अंतरावर पेपर वाचत बसलो होतो. बायको खालच्या जिन्यापासूनच नाकाला पदर लावून धावत आली. तिने आधी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ज्या नजरेने भांड्याकडे पाहिलं होतं त्याच नजरेने माझ्याकडे पाहिलं. मग माझे डोळे पदराने बांधले आणि नाकाखाली एकेक वस्तू धरत गेली. चिरलेला कांदा मी ओळखला, पण तो डोळ्यांना पाणी आल्यामुळे. फिनेलच्या बाटलीला मी 'पाणी' म्हणालो. पायपुसण्याला 'पाव' म्हणालो.

"कधीपासून?" तिने विचारलं.

आता खरं सांगतो, मलाच ठाऊक नव्हतं. मागे एक दणकून सर्दी झाली होती, ती गेली. जाताना काय काय घेऊन गेली हे कोण मोजत बसतो? मला वाटत होतं, हल्ली जगच मिळमिळीत झालंय. वय झालं की लोकांचं असं होतं म्हणे, तसं माझंही झालं असेल.

दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर फार तर जेवणातली गंमत गेली असती. माझी भाकरी जाणार होती. मी एका मसाल्याच्या कंपनीत नाक आहे. कागदावर माझ्या पदाला लांबलचक नाव आहे, पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळे 'नाक' म्हणतात. 'नाकाला दाखवलं का?' 'नाक आज रजेवर आहे.' कोणताही माल आला की मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर माल तळहातावर चुरतो, दोन्ही हातांची ओंजळ नाकाशी नेतो, श्वास ओढतो आणि पसंत पडला तर सही करतो. त्या सहीशिवाय पोतं गोदामाबाहेर पडत नाही. आणि गेले कित्येक आठवडे मी मेलेल्या नाकाने सह्या ठोकत होतो. वाळलेलं पान चुरताना कडकन वाजलं की पास, मऊ पडलं की नापास. म्हणजे पगार नाकाचा आणि काम कानाचं. वर मी साहेबांकडे तक्रारही केली होती की हल्ली माल बेचव येतो, आणि त्यांनी दोन व्यापाऱ्यांना झापलंही होतं. देव त्या व्यापाऱ्यांचं भलं करो.

महिनाअखेरीला तमालपत्राचा वर्षातला सगळ्यात मोठा लॉट येणार होता. तोवर नाक परत आलं पाहिजे आणि तोवर कुणाला कळता कामा नये, असं आम्ही नवराबायकोंनी ठरवलं. 'कुणाला' म्हणजे एकालाच. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर आमच्याच कंपनीचा हिशेबनीस राहतो. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. शिवाय बारमाही सर्दी. त्यामुळे बातमी सांगताना तो अधूनमधून शिंकतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की बातमी खरी आहे.

बायकोने तिच्या वडिलांना फोन लावला. माझे सासरे जन्मभर एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टर वारले तेव्हा त्यांचं ज्ञान वारसाहक्काने आपल्याकडे आलं, अशी सासऱ्यांची प्रामाणिक समजूत आहे. त्यांनी फोनवरूनच माझी नाडी पाहिली आणि निदान केलं. ताज्या तमालपत्राची वाफ. दुकानातलं वाळकं पान अजिबात चालणार नाही, त्यातला जीव गेलेला असतो. हे मला सांगत होते, ज्याचं घर वाळक्या पानावर चालतं त्याला.

ताजं तमालपत्र मात्र आमच्या इमारतीच्या मागेच होतं. पाण्याच्या टाकीपाशी एक दाट झाड उभं आहे, त्याला सगळे 'टाकीजवळचं झाड' म्हणतात आणि त्याच्या बुंध्याला मोडकी कपाटं टेकवून ठेवतात. पानावर देठापासून टोकापर्यंत तीन ठसठशीत शिरा, नवी पालवी तांब्याच्या रंगाची. हे तमालपत्र आहे हे अख्ख्या इमारतीत मला एकट्याला ठाऊक होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माणसाने शहाणपणा दाखवायचा नसतो, लोक तोडून नेतात.

भरदुपारी, सगळे झोपलेले असताना, मी स्टुलावर चढून एक फांदी वाकवली. वाकलेली फांदी सुटली, स्टूल घसरलं आणि मी टाकीच्या पत्र्यावर असा आदळलो की झोपलेली इमारत उठून गॅलरीत आली. सगळ्यांत पुढे चेअरमनबाई. या बाई निवडून आलेल्या नाहीत. मागच्या चेअरमनने घर बदललं तेव्हा त्याने जाता जाता किल्ल्या यांच्या हातात दिल्या, तेव्हापासून त्या चेअरमन आहेत. मी पत्र्यावर आडवा, छातीवर पानांची जुडी. काय चाललंय, असं त्यांनी वरून विचारलं. हिशेबनीसही वरून पाहत होता. नाकासाठी म्हणालो असतो तर मेलो असतो. मी म्हणालो, "भातात घालायला. तमालपत्र आहे हे."

तिथेच घोळ झाला.

त्या दुपारी मी पातेल्यात पानं उकळून, डोक्यावर घोंगडी घेऊन वाफ घेतली. नाकाचं टोक भाजलं. वास शून्य. फक्त नाक टोमॅटोसारखं लाल झालं आणि कंपनीत लोक मला बाजूला घेऊन 'थोडी कमी घेत जा' असं प्रेमाने सांगू लागले. मी जन्मात दारूला शिवलेलो नाही. पण खरं कारण सांगण्यापेक्षा दारुड्या ठरणं परवडणारं होतं, म्हणून मी मान खाली घालून 'बघतो' म्हणत गेलो.

इकडे इमारतीत तमालपत्राचं पीक आलं. ज्या झाडाकडे वर्षानुवर्षं कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं त्याचे गुण एका संध्याकाळीत सगळ्यांना आठवले. एकाच्या आत्याची साखर याच पानांनी उतरली होती. एकीच्या मामेसासऱ्यांचे गॅस याच्या काढ्याने असे मोकळे झाले होते की घरचे वेगळे राहू लागले. कोंड्यावर याचं पाणी, हिरड्यांवर याची पूड, झोपेसाठी उशीखाली पान, बाळंतिणीला काढा, धान्यात किडे होऊ नयेत म्हणून डब्यात चार पानं. कोण खरं, कोण खोटं, मला विचारू नका. मी पान पास-नापास करतो, माणसं करत नाही. पण विचारायला सगळे माझ्याकडेच येत. कंपनीचं नाक ना मी. प्रत्येक जण मुठीत पान घेऊन दारात उभा: 'बघा बरं, याला जोर आहे का?' आणि मी ओंजळ करून, डोळे मिटून, श्वास ओढून म्हणायचो, 'हं. याला आहे.' नाही म्हटलं की माणूस दुसरं पान तोडायला जायचा, म्हणून झाडाच्या दयेपोटी मी सगळ्यांनाच पास केलं. त्याचा परिणाम असा झाला की सगळ्यांनी आणखी तोडली.

सासऱ्यांनी वाफ हरली हे ऐकून पुढचं अस्त्र काढलं. काढा. तो मी सकाळ-संध्याकाळ प्यायलो. त्याने नाक उघडलं नाही, बाकी सगळं उघडलं. मग ते म्हणाले, "जावईबापू, आता धुरी. पान निखाऱ्यावर टाका आणि नाकाने ओढा. डॉक्टरसाहेब शेवटी हेच द्यायचे." हे 'शेवटी' म्हणजे उपचाराच्या शेवटी की रोग्याच्या, हे मी विचारलं नाही. धुरी घेतली. घरभर असा धूर झाला की वरचा हिशेबनीस बादली घेऊन खाली धावला आणि दार उघडताच त्याने ती माझ्यावर रिकामी केली. मग विचारलं, काय पेटलंय? मी ओलाचिंब, हातात निखाऱ्यांचं घमेलं. म्हणालो, धान्यातल्या किड्यांसाठी धुरी देतोय.

दुसऱ्या दिवशी घरोघर धान्याला धुरी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी कपड्यांच्या कपाटाला दिली आणि कोट गमावला. मग चेअरमनबाईंनी शिस्त आणायची ठरवली. कुणी किती पानं तोडायची, कुणी कोणत्या वारी, फांदीची कोणती बाजू कोणत्या मजल्याची, सगळं ठरलं. नियम झाले म्हटल्यावर ज्यांना पानं नको होती तेही आपला हक्क सोडायला तयार होईनात. आठवडा उलटायच्या आत झाड बोडकं झालं. वर कावळ्याचं एक घरटं तेवढं उघडं पडलं, आणि त्या कावळ्याने आम्हा सगळ्यांना जे शिव्याशाप दिले ते मला योग्य वाटले.

शेजारच्या इमारतीने नगरपालिकेत तक्रार केली. झाडांचा निरीक्षक आला. हा गृहस्थ सरळ बोलतच नव्हता. पान झाडावर असलं की ते त्याच्या खात्याचं, खाली पडलं की सफाई खात्याचं, आणि मधे हवेत असताना कुणाचं यावर वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलंय, असं तो म्हणाला. तोडायला परवानगी लागते. परवानगी फक्त मेलेल्या झाडाला मिळते. हे झाड मेलंय का? नाही, पण मरायला टेकलंय. का? पानं तोडल्यामुळे. मग परवानगी होती का? असं तो आम्हाला गोल गोल फिरवत राहिला. शेवटी त्याने विचारलं की हे झाड मुळात कसलं आहे. पान असतं तर ओळखता आलं असतं. पण पान नव्हतं.

सगळ्या इमारतीने एका आवाजात माझ्याकडे बोट केलं. 'हे सांगतील. कंपनीचं नाक आहेत.' इतक्या आदराने मला आजवर कुणी पोलिसात दिलं नव्हतं.

निरीक्षकाने खाली वाकून, बुंध्याशी पडलेलं एक वळलेलं तपकिरी सालपट उचललं आणि माझ्या हातात दिलं. सगळे गोल करून उभे. मी ओंजळ केली, डोळे मिटले, श्वास ओढला. आता काहीतरी बोलणं भाग होतं. मी नोकरीत जे शिकलो ते सगळं ओतलं. म्हणालो की सुरुवात गोडसर आहे, मग वास लवंगेकडे झुकतो, मधे दालचिनीची ऊब, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी किंचित तिखट रेंगाळतो. ही तमालपत्राचीच साल. जुनी, पण अस्सल. लोक भारावले. दोघांनी टाळ्या वाजवल्या. निरीक्षकाने ते परत घेतलं, उलटं केलं, आणि त्यातून एक खिळा काढला.

तो जुन्या बुटाचा तळ होता.

कुणी हसलं नाही, हे फार वाईट झालं. हसले असते तर बरं होतं. सगळे हळूहळू माझ्या नाकाकडे पाहू लागले. आणि त्या शांततेत वरचा हिशेबनीस शिंकला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मी बायकोच्या हातचा डबा न घेता गेलो. काढून टाकलेला माणूस डबा घेऊन परत येताना फार केविलवाणा दिसतो. पण साहेबांनी खुर्ची दिली. चहा मागवला. म्हणाले, सगळं कळलंय, मुळीच घाबरू नका. तुमच्यासारख्या माणसाचीच कंपनीला आता गरज आहे. मग खांद्यावर हात टाकून मला गोदामात नेलं.

महिनाअखेरचा लॉट आधीच येऊन पडला होता. छताखालचा पाण्याचा पाइप फुटून त्यावर कित्येक दिवस पाणी गळत राहिलं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता पोती पंख्याखाली वाळवून ठेवली होती. साहेब पोटतिडकीने बोलले. इतका माल फेकायचा म्हणजे पाप. नाकवाला माणूस यावर सही करेल का? नाही करणार, त्याचं मन त्याला खाईल. पण ज्याला वासच येत नाही तो अगदी स्वच्छ मनाने सही करू शकतो. "तुमच्या हातून खोटं होणारच नाही," ते म्हणाले. "वेगळी केबिन देतो. गुणवत्ताप्रमुख करतो."

लपवत नाही, मी मनात केबिनचा पडदा कोणत्या रंगाचा हवा इथपर्यंत पोचलो होतो. सवयीने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. मूठ भरली, चुरली. पान कडकन वाजलं नाही, कातड्यासारखं वाकलं. ओंजळ नाकाशी नेली.

आणि वास आला.

वर्षभर बंद असलेल्या ट्रंकेचा, ओल्या गोणपाटाचा, न वाळलेल्या मोज्यांचा, असा दणदणीत, नरड्यात बोटं घालणारा कुबट वास. इतका सुंदर वास मी आयुष्यात घेतला नव्हता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. साहेबांना वाटलं बढतीमुळे. त्यांनी पाठ थोपटली. मी पुन्हा ओंजळ नाकाशी नेली. पुन्हा आला. मग पंख्याच्या वंगणाचा आला, पोत्याच्या सुतळीचा आला, साहेबांच्या अंगावरच्या अत्तराचा आला, आणि अत्तराखालच्या घामाचासुद्धा.

"साहेब, बुरशी आहे," मी म्हणालो. "वास येतोय."

"तुम्हाला वास येत नाही," साहेब म्हणाले.

"येतोय."

"अहो, असं कसं? अख्ख्या इमारतीला माहीत आहे."

पुरावा म्हणून हिशेबनीस बोलावला. त्याने बुटाची हकीकत सांगितली, खिळ्यासकट. मग कंपनीचा डॉक्टर आला. त्याने मला बाटल्या हुंगवल्या, मी एकूण एक बरोबर ओळखल्या. गोदामात कुबट वास आहे असंही सांगितलं. डॉक्टरने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, गोदामात कसलाही वास नाही. तेव्हा डॉक्टरने निदान केलं की रोग्याला नसलेले वास येतात, म्हणजे नाक अजूनच बिघडलंय. नाक मेलं होतं तोवर मी कंपनीचं नाक होतो. ते जिवंत झालं त्या दिवशी ते बाद ठरलं. घरी सासऱ्यांना फोन केला तर तेही म्हणाले, इतक्यात बरं होत नाही, भास असतो, धुरी चालू ठेवा.

मी सही केली नाही. मला विश्रांतीसाठी बिनपगारी रजा मिळाली आणि माझ्या जागी हिशेबनीस कंपनीचं नाक झाला. बारमाही सर्दीचा माणूस. त्याने एका दुपारी अख्खा लॉट पास केला. वाईट याचं वाटलं की तो खोटं बोलला नाही.

रविवारी त्याने बढतीची पार्टी दिली. मागे, बोडक्या झाडाखाली. सगळी इमारत, आणि खास पाहुणे साहेब. भाताचं मोठं पातेलं चढवलं आणि नव्या लॉटची पाकिटं हिशेबनिसाने सढळ हाताने ओतली. कंपनीचीच आहेत, कंजुषी कशाला. आम्हालाही बोलावलं होतं. मी येणार नाही म्हणालो. बायको म्हणाली, "जायचं. नाकासमोर चालणाऱ्याने का लपून बसायचं?" तिने इमारतीतल्या मुलांना आधीच आमच्या घरी साधा भात वाढला आणि खाली जाऊन पातेल्यातला डाव आपल्या ताब्यात घेतला. चेअरमनबाईंना आयती वाढपी मिळाली, त्यांनी दिला.

पहिला घास सगळ्यांनी घेतला. जबडे थांबले. मी एकेक चेहरा वाचत होतो. वास घेणाऱ्या माणसाचा चेहरा मी ओळखतो, जन्म गेला त्यात. सगळ्यांना कळलं होतं. पण पहिला बोलणार कोण? कोट गमावलेले आजोबा 'वा' म्हणाले. मग दुसरा म्हणाला. चेअरमनबाई म्हणाल्या की आपल्या झाडाच्या पानाला हा दरवळ नव्हता. हिशेबनिसाला खरोखरच काही कळत नव्हतं, तो आनंदाने जेवत होता. साहेबांनी दोन घास पाण्याबरोबर गिळले आणि ताट हळूच बाजूला सारलं.

बायको डाव घेऊन पुढ्यात उभी. "साहेब, एवढ्यात? आवडला नाही का भात?"

"छे, छे. उत्तम."

"मग घ्या की." तिने वाढला. साहेबांनी खाल्ला. तिने परत वाढला. सगळी इमारत आपापले घास तोंडात धरून बघत होती. साहेबांच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"बस आता."

"का?" मी विचारलं. "वास येतोय का कसला?"

"वास? कसला वास?"

"मग लाजता कशाला? घरचंच आहे. तुमच्याच गोदामातलं." मी त्यांचा हात अगदी आदराने ताटावरून उचलला आणि बायकोने त्या जागी डोंगर उभा केला. साहेबांनी डोंगराकडे पाहिलं. गोल बसलेल्या लोकांकडे पाहिलं. कुणीच मदतीला येईना, कारण सगळ्यांनी वा वा केलं होतं. त्यांनी एक घास उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि हात तिथेच थांबला.

"कुबट आहे हो," साहेब इतक्या बारीक आवाजात म्हणाले की मागच्यांना ऐकू गेलं नाही.

"जरा मोठ्याने," मी म्हणालो. "मागचेही जेवतायत."

"कुबट आहे," साहेब ओरडले.

आणि एकदम, जणू परवानगी मिळाल्यासारखे, सगळ्यांनी आपापले घास थुंकले. आजोबा म्हणाले, पहिल्या घासालाच कळलं होतं. चेअरमनबाई म्हणाल्या, मला तर पाकीट उघडतानाच. साहेब कसेबसे उठले, तोंड पुसलं, आणि जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाले की लॉट परत बोलावतो, उद्यापासून कामावर या.

"येतो," मी म्हणालो. "पण ही रजा भरपगारी धरायची."

एकटा हिशेबनीस तेवढा अजून मन लावून जेवत होता. पाहुणे का उठले हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने ताट पुढे केलं आणि म्हणाला, "वहिनी, उरलाय का? फार छान झालाय."